आल्प्सचा ‘घाटाचा राजा’

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची परंपरा आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारी ती वाट भल्याभल्या सायकलपटूंच्या छातीचा भाता करून सोडते. तरीही घाटमाथ्याची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर म्हणून मिरवणारे कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. १० जून १९४९ रोजी इटलीतील कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या वाटेवर एका सायकलस्वाराने एकाच दिवसात आल्प्समधील पाच खिंडी पार केल्या. त्यांतील सर्वांत ठेंगणी खिंडही कळसूबाईच्या माथ्याहून दोनशे मीटर उंच होती. शेवटचे १९२ किलोमीटर त्याच्या सोबतीला कोणीही नव्हते. दुसऱ्या क्रमांकाचा स्वार पिनेरोलोला पोहोचला, तेव्हा पहिल्याला येऊन जवळजवळ बारा मिनिटे झाली होती. त्या पहिल्या स्वाराचे नाव होते फाउस्तो कोप्पी.

त्याच कुनेओ शहरातून १९८७ पासून त्याच्या नावाने हौशी सायकलस्वारांची एक खडतर डोंगरफेरी निघते. तिच्यात व्यावसायिक खेळाडू असण्याची अट नाही; नाव नोंदवावे, छातीवर-पाठीवर क्रमांक लावावा आणि घड्याळाशी झुंजावे. मोठा मार्ग १७७ किलोमीटरचा आहे आणि त्यात चढच चार हजार मीटरहून अधिक भरतो. देशोदेशीचे सायकल क्लब आपापले चमू घेऊन अशा फेऱ्यांना जातात. फ्रान्समधील ‘ला मार्मोत’ ही अशीच जुनी फेरी. गालिबिएसारखे घाट ओलांडून ती आल्प द्युएझच्या माथ्यावर संपते. याच माथ्यावर टूर द फ्रान्सचा पहिला विजय कोप्पीनेच मिळवला होता.

महाराष्ट्रालाही परदेशी वाटांचे हे वेड नवे नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. अलीकडे नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. डोंगरवाटांवर सायकल घेऊन जाणाऱ्यांच्या जगात कोप्पीचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्याचे आयुष्य मात्र अवघ्या चाळीस वर्षांचे ठरले आणि त्याचा शेवट एका डासाने केला.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी वायव्य इटलीतील कास्तेलानिया या डोंगराळ खेड्यात झाला. वडील दोमेनिको आणि आई आंजोलिना शेतकरी. पाच भावंडांत फाउस्तो चौथा. धाकटा भाऊ सेर्से त्याच्याहून साडेतीन वर्षांनी लहान. पोर अंगाने काटकुळे, छाती पिंजऱ्यासारखी पुढे आलेली, पाय लांबलचक. शाळेत त्याचे मन रमत नसे. घरात पडलेली एक गंजकी, ब्रेक नसलेली सायकल घेऊन तो शाळा बुडवून भटके. एकदा पकडला गेला तेव्हा सायकल न फिरवता शाळेत यायचे असते, हे वाक्य शंभर वेळा लिहून काढण्याची शिक्षा त्याला झाली. शिक्षेचा उपयोग झाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नोव्ही लिगुरे या गावी खाटकाच्या दुकानात कामाला लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोहोचवणे, हे त्याचे काम. घर ते दुकान हे अंतर वीसेक किलोमीटरचे, म्हणजे रेणापूरहून लातूर गाठण्याइतके. फरक इतकाच की बालाघाटच्या पठारावरचा तो रस्ता त्या मानाने सौम्य आहे, कास्तेलानियाची वाट टेकड्यांवरून चढ-उतार करीत जाते. दुधाच्या किटल्या किंवा भाजीच्या पाट्या सायकलला बांधून रोज शहर गाठणारी मुले मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. अशा मुलांच्या पायांत किती बळ साठते, हे पाहायला सहसा कोणी थांबत नाही. कोप्पीच्या बाबतीत कोणीतरी थांबले. व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या काकांनी पैसे दिले आणि मुलाच्या हाती शर्यतीची सायकल आली. पुढे त्याच दुकानाच्या ओळखीतून त्याची गाठ बियाजो काव्हान्ना या मालिशवाल्याशी पडली.

काव्हान्ना पूर्वाश्रमीचा मुष्टियोद्धा होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. खेळाडूच्या मांड्या, पोटऱ्या, पाठ बोटांनी चाचपून तो त्याच्या शरीराचा अंदाज घेई. या कृश मुलाच्या स्नायूंत आणि श्वासात काय दडले आहे, हे डोळस माणसांच्या आधी या अंध माणसाला कळले. त्याने कोप्पीला शिस्त लावली : पहाटे उठणे, मोजून खाणे, मोजून झोपणे, थकव्यावर थकवा चढवत सराव करणे. त्या काळी बहुतेक सायकलपटू शर्यतीआधी मांसावर ताव मारीत आणि वाटेत वाइन पीत. कोप्पीने आहार, नाडी, विश्रांती यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले. पुढे तर आपले सहकारी, डॉक्टर, यंत्रज्ञ असा अख्खा संच त्याने स्वतःभोवती उभा केला. आज प्रत्येक मोठ्या संघात हे सारे असते. तेव्हा ते नवे होते.

१९४० मध्ये लेन्यानो संघाने त्याला घेतले ते सहायक म्हणून. सायकल शर्यतीत सहायकाचे काम निमूटपणे झिजण्याचे असते. संघनायकासाठी पाणी आणायचे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले द्यायचे, आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. सपाटीवर वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, म्हणून पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. चढावर वेग मंदावतो आणि हा आडोसा निरुपयोगी ठरतो. तिथे शरीराचे वजन, फुप्फुसे आणि मनाची चिकाटी एवढेच उरते. कोप्पीचे राज्य सुरू होई ते इथे.

लेन्यानोचा नायक होता जिनो बार्ताली. त्या वर्षीच्या ‘जिरो डी’इटालिया’मध्ये, म्हणजे सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या इटलीच्या सायकल-प्रदक्षिणेत, दुसऱ्याच टप्प्यावर एक कुत्रा आडवा आला आणि बार्ताली जबर पडला. फ्लोरेन्स ते मोदेना या टप्प्यात, पावसापाण्यात, वीस वर्षांचा सहायक आबेतोनेच्या घाटावर सर्वांना मागे टाकून निघून गेला. एकूण वेळात आघाडी मिळवल्यावर मग खुद्द बार्तालीनेच त्याला डोंगरांत धीर देत पुढे नेले. ९ जून १९४० रोजी मिलानमध्ये कोप्पी विजेता ठरला. जिरो जिंकणारा सर्वांत तरुण खेळाडू हा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे. दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीने युद्धात उडी घेतली.

ऐन उमेदीची पाच वर्षे अशी गेली. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी, बॉम्बहल्ल्यांनी हादरलेल्या मिलानमधील व्हिगोरेल्ली धावपट्टीवर त्याने एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. आधीच्या विक्रमाहून हे अंतर केवळ ३१ मीटर अधिक होते, पण ते चौदा वर्षे टिकले. १९५६ मध्ये फ्रान्सच्या झाक आंकतिलने ते मोडले. विक्रमानंतर काही महिन्यांतच पायदळातील शिपाई कोप्पीला उत्तर आफ्रिकेत धाडण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी झाला. १९४५ मध्ये तो इटलीत परतला तेव्हा त्याच्यापाशी धड सायकलही नव्हती. ती एका चाहत्याने दिली.

युद्धोत्तर इटली भुकेली होती, पूल तुटलेले होते, रस्ते खड्ड्यांत गेले होते. १९ मार्च १९४६ रोजी मिलान-सान रेमो ही पहिली मोठी शर्यत पुन्हा भरली. आता बियांकी संघाचा आकाशी-हिरवा पोशाख घातलेला कोप्पी तुर्किनोच्या चढावर एकटा पुढे गेला आणि दुसऱ्या क्रमांकाहून चौदा मिनिटे आधी पोहोचला. पुढचा स्वार येईपर्यंत रेडिओवर नृत्यसंगीत लावावे लागले, अशी आठवण इटलीत सांगतात. ती अतिशयोक्तीही असेल. पण लोकांना ती खरी वाटावी, यातच त्या विजयाचे माप आहे.

यापुढे इटलीचे सरळ दोन तट पडले. बार्ताली तोस्कानाचा, धर्मनिष्ठ कॅथलिक, तोंडाने फटकळ, मनाने जुन्या वळणाचा. कोप्पी उत्तरेचा, अबोल, शास्त्र मानणारा, मोजके हसणारा. एकाच्या बाजूला चर्च आणि खेडी, दुसऱ्याच्या बाजूला कारखाने आणि शहरे, अशी वाटणी वर्तमानपत्रांनी करून टाकली. ती पुरती खरी नव्हती. पण घराघरांत भांडणे लागायला पुरेशी होती. १९४६ चा जिरो बार्तालीने अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकला, १९४७ चा कोप्पीने. १९४८ मध्ये हॉलंडमधील जागतिक स्पर्धेत दोघे एकमेकांवर नजर ठेवण्यात इतके गुंतले की बाकीचे पुढे निघून गेले आणि या दोघांनी शर्यतच सोडली. इटलीच्या सायकल महासंघाने दोघांनाही काही काळ निलंबित केले. ते योग्यच म्हणायला हवे.

मग १९४९ चे वर्ष आले. कुनेओ ते पिनेरोलोचा तो टप्पा आधी उल्लेखिला आहे. पण त्याचे खरे स्वरूप आकड्यांपेक्षा रस्त्यांत होते. तेव्हाचे बहुतेक घाटरस्ते कच्चे, खडीचे. सकाळी पाऊस आणि धुके. पहिल्याच, मादालेना खिंडीच्या चढावर प्रिमो व्होल्पी नावाचा स्वार निसटला, त्याच्या मागावर कोप्पी निघाला आणि लवकरच त्यालाही टाकून एकटा झाला. शेवटची रेषा अजून १९२ किलोमीटर दूर होती. एवढ्या आधी एकट्याने पुढे जाणे हा शर्यतीच्या शहाणपणात वेडेपणा मानला जातो. मागच्यांनी तो तसाच मानला असावा. मादालेना १,९९६ मीटर, वार्स २,१०८, इझोआर २,३६०, मोंजनेव्हर १,८५०, सेस्त्रिएरे २,०३५ : एकेक खिंड मागे पडली तसे अंतर वाढत गेले. पाठलागावर फक्त बार्ताली उरला. त्याची चाके पंक्चर होत राहिली, तरी तो झुंजत राहिला. त्या दिवशी वार्तांकन करणारा इटालियन कथाकार दिनो बुझाती याने या दोघांना ग्रीक महाकाव्यातील अकिलिस आणि हेक्टर यांची उपमा दिली. मराठी वाचकाला कर्णार्जुन आठवावेत, असाच तो प्रसंग होता. कोप्पीने तो जिरो जवळजवळ चोवीस मिनिटांच्या फरकाने जिंकला.

तीनच आठवड्यांनी तो पहिल्यांदा टूर द फ्रान्सच्या रिंगणात उतरला. सुरुवातीच्याच एका टप्प्यात पडला, सायकल मोडली, बदली सायकल वेळेवर मिळाली नाही. मन इतके खचले की तो घरी परतण्याच्या गोष्टी करू लागला. संघव्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा याने त्याला कसेबसे थोपवले. एकूण वेळात कोप्पी आघाडीच्या स्वाराहून ३६ मिनिटे ५५ सेकंद मागे पडला होता. आल्प्स आले आणि चित्र पालटले. १८ जुलैला बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता. इझोआर ओलांडून दोघे बरोबर ब्रियांसोंला पोहोचले आणि कोप्पीने टप्प्याचा विजय बार्तालीला घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी बार्ताली मागे पडला, बिंदाने संमती दिली आणि कोप्पी एकटा निघून गेला. पॅरिसमध्ये तो बार्तालीहून १० मिनिटे ५५ सेकंदांनी पुढे होता. एकाच वर्षी जिरो आणि टूर, दोन्ही जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला.

या साऱ्या यशात त्याच्या पाठीशी सावलीसारखा असे तो धाकटा भाऊ सेर्से. सेर्से हसरा, गप्पिष्ट, मित्रांत रमणारा. सायकलपटू म्हणून बेताचा. खिन्न स्वभावाच्या फाउस्तोला माणसांत आणण्याचे काम तो करी. २९ जून १९५१ रोजी जिरो देल पिएमोंते या शर्यतीच्या अखेरीस तुरिनमध्ये त्याचे चाक ट्रामच्या रुळात अडकले आणि तो पडला. उठला, सायकलवर बसूनच हॉटेलवर गेला. डोके दुखू लागले, म्हणून झोपला. त्याच दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. वरवर किरकोळ वाटलेली इजा आणि ती ओळखण्यात गेलेले तास : कोप्पी घराण्यावर ही वेळ आणखी एकदा यायची होती. काहीच दिवसांत फाउस्तो टूरमध्ये उतरला. मोंपेलिएच्या टप्प्यावर तो उन्हात कोसळल्यासारखा झाला, अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला आणि अखेर दहावा आला. तो उतरलाच नसता तर बरे झाले असते. पण घरी बसून तरी त्याने काय केले असते?

१९५२ मध्ये त्याने जणू सारे उणे भरून काढले. जिरो तिसऱ्यांदा नव्हे, चौथ्यांदा जिंकला आणि टूरमध्ये दुसऱ्या क्रमांकाला २८ मिनिटांहून अधिक मागे टाकले. ४ जुलै १९५२ रोजी टूरचा टप्पा इतिहासात प्रथमच डोंगरमाथ्यावर संपणार होता. आल्प द्युएझचा तो चढ सुमारे १४ किलोमीटरचा, २१ वळणांचा. झां रोबिक या चिवट फ्रेंच स्वाराला काही काळ चाकाशी ठेवून कोप्पीने मग त्याला सोडले. स्पर्धेतील रस टिकवण्यासाठी संयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. याच टूरमधले एक छायाचित्र अजरामर झाले आहे : गालिबिएच्या चढावर कोप्पी आणि बार्ताली मागेपुढे, आणि दोघांच्या हातांत एकच पाण्याची बाटली. बाटली कोणी कोणाला दिली, यावर इटलीत अजून वाद होतो.

१ जून १९५३. जिरोने त्या दिवशी प्रथमच स्टेल्व्हिओ खिंड गाठली. उंची २,७५८ मीटर. कळसूबाईच्या माथ्याहून कितीतरी अधिक. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. स्वित्झर्लंडचा ह्युगो कोब्लेट सुमारे दोन मिनिटांनी आघाडीवर होता आणि स्पर्धा त्याचीच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. घाटात कोप्पीने त्याला गाठले, मागे टाकले आणि बोर्मिओला साडेतीन मिनिटांच्या अंतराने जिंकला. हा त्याचा पाचवा जिरो. १९६५ पासून जिरोच्या मार्गातील सर्वांत उंच ठिकाणाला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचे शिखर, असे नाव दिले जाते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला लुगानो येथे तो जगज्जेता झाला. वय चौतिसाला टेकले होते.

त्याच्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तेजक गोळ्या त्या काळी सर्रास चालत, त्यांवर बंदीही नव्हती आणि तपासणीही नव्हती. कोप्पीने त्या घेतल्याचे कधी लपवले नाही. दूरचित्रवाणीवर त्याने ते चक्क मान्य केले होते. आजच्या नियमांनी त्याला तोलणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या चाहत्यांनी ही गोष्ट विसरणेही प्रामाणिकपणाचे नाही.

स्टेल्व्हिओच्या घाटात त्या दिवशी बघ्यांत एक स्त्री उभी होती. जुलिया ओक्किनी. तिचे पती डॉक्टर आणि कोप्पीचे निस्सीम चाहते. त्यांच्यामुळेच ओळख झालेली. कोप्पीचा विवाह १९४५ मध्ये ब्रुना चाम्पोलिनी हिच्याशी झाला होता आणि त्यांना मारिना ही मुलगी होती. १९५४ मध्ये कोप्पी आणि जुलिया आपापली घरे सोडून एकत्र राहू लागले. पांढऱ्या कोटातील त्या स्त्रीला वृत्तपत्रांनी ‘श्वेतवसना’ हे नाव दिले आणि इटलीत काहूर उठले. तेथे घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो डिसेंबर १९७० मध्ये आला. व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता, आणि त्यातही जाच अधिक होता तो विवाहित स्त्रीला. पोलिस रात्री घरी येऊन धडकले. जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. मार्च १९५५ मध्ये आलेस्सांद्रियाच्या न्यायालयाने दोघांना शिक्षा सुनावल्या, त्या स्थगित ठेवल्या. कोप्पीला दोन महिने, तिला तीन. भारतात दंडसंहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले. त्यात शिक्षा पुरुषालाच होती, स्त्रीला नव्हती. इटलीचा कायदा नेमका उलट्या बाजूने झुकलेला होता आणि तो १९६८ पर्यंत टिकला. इटलीत जन्म झाला असता तर मूल कायद्याने जुलियाच्या पहिल्या पतीचे ठरले असते. म्हणून तिने बाळंतपणासाठी ब्युनॉस आयर्स गाठले आणि मे १९५५ मध्ये तेथे फाउस्तिनो जन्मला. दोघांनी मेक्सिकोत लग्न केले, ते इटलीने मानले नाही. ज्या घाटरस्त्यांवर लोक त्याचे नाव रंगवीत, त्याच रस्त्यांवर आता शिव्याही ऐकू येऊ लागल्या. या साऱ्यात घरी राहिलेल्या ब्रुनाच्या वाट्याला काय आले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पुढची वर्षे उताराची होती. हाडे त्याची मुळातच ठिसूळ. १९५० च्या जिरोत कंबरेचे हाड मोडले होते, १९५७ मध्ये मांडीचे मोडले. १९५६ च्या लोंबार्दियाच्या शर्यतीत तो पुन्हा एकदा पुढे निसटला होता. गाडीतून जाताना जुलियाने फिओरेन्झो मान्यी या स्वाराला चिडवणारा हातवारा केला, असे सांगतात. संतापलेल्या मान्यीने पाठलागाला असा जोर लावला की अखेरच्या रेषेजवळ कोप्पी गाठला गेला आणि फ्रान्सच्या आंद्रे दारिगादने थोडक्यात शर्यत मारली. कोप्पी रडला. थांबण्याची वेळ झाली होती, हे सर्वांना दिसत होते. १९६० साठी मात्र नवा बेत ठरला : सान पेल्लेग्रिनो हा संघ, कोप्पी त्यात स्वार आणि व्यवस्थापक जिनो बार्ताली.

डिसेंबर १९५९ मध्ये युरोपातील काही नामांकित सायकलपटूंचा चमू पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो या देशात गेला. त्यात आंकतिल, रोझे रिव्हिएर, आंरी आंग्लाद, राफाएल जेमिनियानी होते आणि कोप्पीही. १३ डिसेंबरला वागाडुगू येथे स्थानिक स्वारांबरोबर एक प्रदर्शनीय शर्यत झाली, मग शिकारीची सहल. कोप्पी आणि जेमिनियानी एका खोलीत झोपले. खोलीत डासांचा सुळसुळाट होता.

नाताळच्या सुमारास दोघेही आपापल्या घरी तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिनियानी बेशुद्ध झाला. त्याचे रक्त तपासण्यात आले, त्यात ‘फॅल्सिपॅरम’ या घातक हिवतापाचे जंतू सापडले, क्विनीन दिले गेले आणि तो वाचला. इटलीत कोप्पीच्या डॉक्टरांनी ताप फ्ल्यूचा आणि नंतर छातीचा मानला आणि त्या दिशेनेच उपचार केले. जेमिनियानीच्या घरून हिवतापाची सूचना देण्यात आली होती, पण ती मानली गेली नाही, असे पुढे सांगितले गेले. या प्रकारच्या हिवतापात जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मग तासांचा हिशेब उरतो. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी तोर्तोनाच्या रुग्णालयात कोप्पीने प्राण सोडला.

मराठवाड्यातील वाचकाला हे वाचून हळहळीबरोबर आश्चर्यही वाटेल. तापाचा रुग्ण आला की बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, हे इथल्या खेड्यातील आरोग्य कर्मचाऱ्यालाही पाठ असते. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस याने प्रथम पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, निजामाच्या त्याच राज्यात, ज्यात रेणापूर आणि लातूरही तेव्हा होते. खुद्द इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी याने पुढच्याच वर्षी माणसाला हा रोग ॲनोफिलिस डास देतो, हे दाखवले. ‘मलेरिया’ हा शब्दही इटालियनच : वाईट हवा. पण दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारण्यांनी इटलीतून हिवताप जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याबरोबर तो ओळखण्याची सवयही गेली. आफ्रिकेतून आठ-दहा दिवसांपूर्वी परतलेल्या माणसाला तिथल्या डासांबद्दल विचारण्याचे कोणाला महत्त्वाचे वाटले नाही. नाडीचे ठोके आणि ताटातले घास आयुष्यभर मोजणाऱ्या खेळाडूच्या रक्ताचा एक थेंब तेवढा वेळेवर सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही. त्याला विष दिले गेले, अशी एक कथा २००२ मध्ये इटालियन वृत्तपत्रांत आली. तोर्तोनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी केली, काही निष्पन्न झाले नाही. दुर्लक्षापेक्षा कारस्थान पचवणे लोकांना सोपे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

कास्तेलानियाच्या टेकडीवर, जानेवारीच्या कडाक्यात, हजारो माणसे चिखलातून चढत अंत्ययात्रेला आली. बार्तालीही होता. फाउस्तोला सेर्सेशेजारी ठेवण्यात आले. शंभरही वस्ती नसलेल्या त्या गावाचे नाव २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अधिकृतपणे ‘कास्तेलानिया कोप्पी’ असे झाले. बार्ताली २००० पर्यंत जगला. युद्धकाळात सायकलच्या नळीत लपवून बनावट कागदपत्रे नेऊन ज्यू कुटुंबांना मदत केल्याबद्दल इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये त्याचा मरणोत्तर गौरव केला. आणि वागाडुगूहून परतल्यावर त्याच तापाने बेशुद्ध झालेला, पण वेळीच क्विनीन मिळालेला राफाएल जेमिनियानी ५ जुलै २०२४ रोजी वारला. तेव्हा त्याचे वय ९९ वर्षे होते.